पोलिस ॲक्शननंतरचे पंधरा महिने

मराठवाड्यातल्या मुस्लिम घरांमध्ये ज्येष्ठांचं वय विचारलं की इसवी सन सहसा येत नाही. "पुलिस एक्शन में मैं गोद में थी," किंवा "एक्शन के दो साल बाद पैदा हुआ," असं उत्तर येतं. लातूर, उमरगा, नांदेड, देगलूर, बीड, कुठेही जा. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख घालण्यासाठी माझ्यासारख्या मास्तरांनी कितीतरी वेळा 'एक्शन'पासून वर्षं मोजली आहेत. मात्र त्या दोन शब्दांच्या पुढे काय झालं, हे विचारलं की बोलणं थांबतं. शाळेतल्या पुस्तकातही ते १७ सप्टेंबर १९४८ ला थांबतं. निझाम शरण आला, धडा संपला.

मला रस आहे तो १८ सप्टेंबरच्या सकाळपासून पुढे. लढाई पाच दिवस चालली आणि लष्करी राजवट पंधरा महिन्यांहून अधिक. लढाईवर पुस्तकं आहेत, पोवाडे आहेत, भाषणं तर दरवर्षी आहेत. त्या पंधरा महिन्यांवर मराठीत फार थोडं लिहिलं गेलं. आपली आजची बरीच दुखणी आणि काही चांगल्या गोष्टीही त्याच महिन्यांतल्या आहेत, म्हणून हा लेख. जिल्ह्यांची नावं तेव्हाचीच वापरतो आहे. उस्मानाबाद म्हणजे आजचं धाराशिव, आणि लातूर तेव्हा त्याच जिल्ह्यात होतं, हे तरुण वाचकांनी लक्षात ठेवावं.

आधी शब्दाबद्दल थोडं. मोहिमेचं लष्करी नाव 'ऑपरेशन पोलो'. रणगाडे, विमानं, मेजर जनरल जयंतो नाथ चौधुरी यांची आर्मर्ड डिव्हिजन, दक्षिण विभागाचे लेफ्टनंट जनरल महाराज राजेंद्रसिंहजी यांची देखरेख, एवढा सारा जामानिमा. याला 'पोलिस कारवाई' का म्हणायचं? कारण कायद्याचं होतं. हैदराबाद हे परकं राष्ट्र नाही, देशातलाच बंडखोर भाग आहे, अशी दिल्लीची भूमिका होती. निझामाच्या सरकारने ऑगस्टमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रार नेली होती आणि १६ सप्टेंबरला, म्हणजे लढाई चालू असतानाच, ती चर्चेला आली. 'युद्ध' म्हटलं की दोन राष्ट्रं आली, आणि जिंकलेल्या मुलखाला लागू होणारे आंतरराष्ट्रीय नियमही आले. 'पोलिस' म्हटलं की घरातला मामला. पुढे निझामाने ती तक्रार मागे घेतली. शब्द मात्र चिकटला, आणि गंमत म्हणजे ज्यांना त्या कारवाईची झळ बसली त्यांच्याच तोंडी तो सर्वात जास्त राहिला.

कारवाई का झाली, हे झाकून पुढे जाणं मला मान्य नाही. आपल्याकडच्या काही लेखांमध्ये रझाकारांचा उल्लेख एका ओळीत उरकतात आणि मग पानंच्या पानं फिर्याद. असं केल्याने आपलीच साक्ष हलकी होते. संस्थानाची लोकसंख्या एक कोटी साठ लाखांच्या वर. त्यात तेलुगू बोलणारे निम्म्याच्या जवळपास, मराठी बोलणारे सुमारे एक चतुर्थांश. मुस्लिम आठात एक. सरकारी नोकरीतलं आणि पोलिसातलं प्रमाण मात्र याच्या उलट. लातूरचा वकील कासिम रझवी याने इत्तेहादुल मुस्लिमीनच्या छायेत रझाकार दल फुगवलं. गावागावांतून पैसे वसूल करायचे, नकार दिला तर लूट आणि जाळपोळ, ही त्यांची रीत. मे १९४८ मध्ये बिदर जिल्ह्यातल्या गोरट्यात झालेली कत्तल कुठल्याही तर्काने धुऊन निघत नाही. 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान रझाकारांविरुद्ध लिहीत होते. ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांना रस्त्यात गाठून मारलं. मारणारेही मुस्लिम आणि मेलेलाही मुस्लिम, म्हणून हा माणूस दोन्ही बाजूंच्या स्मरणात नीट बसत नाही. उर्दूच्या वर्गात मी त्यांचं नाव आवर्जून सांगतो.

१३ सप्टेंबरला पहाटे सोलापूरच्या बाजूने फौज आत शिरली. नळदुर्ग, जळकोट, उमरगा करत ती हैदराबाद रस्त्याला लागली. दुसऱ्या बाजूने मेजर जनरल डी. एस. ब्रार यांच्या तुकड्यांनी औरंगाबाद घेतलं. १७ तारखेला लायक अली यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, निझाम मीर उस्मान अली खान रेडिओवर बोलले, आणि १८ ला हैदराबादच्या वेशीबाहेर संस्थानी फौजेचे प्रमुख अल इद्रूस यांनी चौधुरींपुढे शरणागती पत्करली. निझामाने कारभार पाहायला स्वतःची एक समिती जाहीर करून टाकली होती. दिल्लीने ती मानली नाही. चौधुरी 'मिलिटरी गव्हर्नर' झाले. त्यांच्या हाताखाली मुख्य मुलकी प्रशासक म्हणून मुंबई इलाख्यातले आय.सी.एस. अधिकारी बखले आले. सल्लागार मंडळात नवाब झैन यार जंग होते, म्हणजे उस्मानिया विद्यापीठाच्या इमारतीशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे तेच स्थापत्यविशारद.

इथे एक चतुराई होती, ती समजून घ्यायला हवी. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत दोस्तांनी जुनी सत्ता पूर्ण मोडून थेट लष्करी सरकार बसवलं. जपानमध्ये मॅकार्थरने सम्राट ठेवला आणि आपले हुकूम जपानी सरकारकरवी अमलात आणले. हैदराबादेत या दोन्हींच्या मधला रस्ता निघाला. प्रत्यक्ष सत्ता जनरलच्या हातात, पण ती निझामाच्या फर्मानाने सोपवलेली. त्यामुळे जुने कायदे, जुनी न्यायालयं, जुना महसूल कायदेशीरपणे चालू राहिले. चौधुरींचे विनियम निझामाच्या अधिकाराच्या साखळीतून येत. ज्याच्याविरुद्ध फौज आली त्याच्याच सहीने फौजेचा अंमल कायदेशीर झाला! पुढे नोव्हेंबर १९४९ मध्ये भारताची राज्यघटना संस्थानाला लागू करण्याचं फर्मान निघालं तेही निझामाचंच, आणि २६ जानेवारी १९५० ला तेच राजप्रमुख झाले. रझाकारांचा ज्याच्याशी काडीचा संबंध नव्हता अशा एखाद्या खेड्यातल्या अत्तारापेक्षा निझामाला त्या सप्टेंबरचा त्रास कितीतरी कमी झाला, असं मी म्हटलं तर कुणी रागावू नये.

आता त्या खेड्याकडे येऊ.

फौज मुख्य रस्त्याने वेगाने पुढे गेली. लढाई म्हणून ते उत्तमच होतं. दोन्ही बाजूंची जीवितहानी त्यामुळे कमी झाली. पण रस्त्यापासून दहा-पंधरा मैल आत काय होतं? निझामाचे अमीन आणि शिपाई पळाले होते किंवा लपले होते. तहसीलदार बहुतेक ठिकाणी मुस्लिम, तेही गायब. रझाकार पांगले होते. नवे मुलकी अधिकारी मुंबई, मध्य प्रांत, मद्रासकडून जिल्ह्याच्या गावी येत होते, पण जिल्ह्याचं गाव म्हणजे जिल्हा नव्हे. जुनी सत्ता गेलेली आणि नवी अजून पोचलेली नाही, असा तो काळ काही गावांत चार दिवसांचा होता, काही गावांत तीन आठवड्यांचा. जे व्हायचं ते त्याच काळात झालं.

याबद्दल आपल्याकडे दस्तऐवज एकच आहे, पण मोठ्या वजनाचा. नेहरूंच्या कानावर बातम्या जात होत्या. त्यांच्या सांगण्यावरून एक सदिच्छा मंडळ हैदराबादेत आलं. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री. तिघेही राष्ट्रीय चळवळीच्या बाजूचे. निझामाचे किंवा लीगचे कुणी नव्हेत. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या दिवसांत ते सोळापैकी नऊ जिल्हे फिरले. सात जिल्ह्यांची ठाणी, एकवीस गावं, तेवीस मोठी खेडी त्यांनी पाहिली, आणि जिथे जाता आलं नाही अशा आणखी १०९ खेड्यांतल्या पाचशेहून अधिक माणसांशी ते बोलले. त्यांचा अंदाज असा की कारवाईदरम्यान आणि तिच्यानंतर संपूर्ण संस्थानात कमीत कमी २७ ते ४० हजार माणसं मारली गेली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे चार जिल्हे सर्वात वाईट. या चारांतच अठरा हजारांच्या खाली आकडा नाही, असं ते म्हणतात. औरंगाबाद, बीड, नलगोंडा, मेदक या जिल्ह्यांत मिळून किमान पाच हजार. लातूरचा त्यांनी वेगळा उल्लेख केला आहे. तिथे मारामारी वीस दिवसांहून अधिक चालली. दहा हजारांच्या आसपास मुस्लिम वस्तीपैकी त्यांना जेमतेम तीन हजार माणसं सापडली. सगळे मेले नव्हते. हजाराच्या वर मारले गेले आणि बाकीचे पळाले, बहुतेक हैदराबादच्या दिशेने.

सर्वात वाईट ठरलेल्या चारांपैकी तीन जिल्हे सोलापूरहून निघालेल्या त्या मुख्य रस्त्याच्या दोन्ही अंगांना आहेत. नकाशा पुढ्यात घेऊन बसलं की हे दिसतं. यावरून माझा तर्क असा की जिथून फौज सर्वात आधी आणि सर्वात वेगाने गेली तिथेच मागे सर्वात मोठी पोकळी राहिली. मंडळाच्या अहवालात सोलापूरकडून आणि सरहद्दीपलीकडच्या इतर गावांतून फौजेच्या पाठोपाठ शिरलेल्या शस्त्रधारी टोळ्यांचा उल्लेख आहे, एका जातीय संघटनेच्या शिकवून तयार केलेल्या माणसांचाही आहे. त्याने हा तर्क पक्का होतो. नांदेडचं काय, असं कुणी विचारेल. तिथली कारणं थोडी वेगळी आहेत. सरहद्दीवरच्या छावण्यांतून रझाकारांशी झालेल्या चकमकी, उमरीच्या बँकेचं प्रकरण, आणि त्या सगळ्यातून साचलेला राग.

सैनिकांबद्दल अहवाल दोन्ही गोष्टी सांगतो, आणि वाचणारे सोयीने एकच उचलतात. चौधुरी आणि त्यांचे बहुतेक वरिष्ठ अधिकारी जातीय भावनेपासून मुक्त होते, अनेक ठिकाणी फौजेनेच मुस्लिमांना वाचवलं, असं तो म्हणतो. त्याच वेळी सैन्यातल्या आणि स्थानिक पोलिसांतल्या काही माणसांनी लुटीत भाग घेतल्याचा निर्विवाद पुरावा मिळाल्याचंही तो नोंदवतो. काही ठिकाणी जमावाला चिथावलं गेलं, काही ठिकाणी सक्ती झाली, आणि काही गावांत गणवेशातल्या माणसांनी पुरुषांना बाहेर काढून मारलं, हेही. बायकांचं अपहरण, जबरदस्तीची धर्मांतरं, अब्रू वाचवायला विहिरी जवळ केलेल्या बायका, ताब्यात घेतलेल्या मशिदी, सगळं त्यात आहे. आणि ज्या हिंदू शेजाऱ्यांनी जीव धोक्यात घालून मुस्लिम कुटुंबं घरात लपवली त्यांचीही नोंद त्यात आहे. ज्या ज्येष्ठांशी मी बोललो त्यातल्या जवळपास प्रत्येकाच्या गोष्टीत असा एक पाटील, एक कोमटी किंवा एक धनगर असतोच. नाहीतर गोष्ट सांगायला ते उरलेच नसते.

वल्लभभाई पटेलांना हे मंडळ आणि त्याचा अहवाल दोन्ही नापसंत होते. रझाकारांच्या गुन्ह्यांना पुरेसं वजन दिलेलं नाही, हा त्यांचा आक्षेप. अहवाल छापला गेला नाही. पुढे चाळीस वर्षांनी, १९८८ मध्ये, उमर खालिदी यांनी संपादित केलेल्या पुस्तकात त्यातला काही भाग आला. संपूर्ण मजकूर सहज हाती लागला तो २०१३ मध्ये ए. जी. नूरानींच्या पुस्तकातून. आकड्यांबद्दल मी एवढंच म्हणेन की तीन माणसांनी तीन आठवड्यांत केलेला तो अंदाज आहे, शिरगणती नव्हे. कुणाला तो फुगवलेला वाटेल. पण त्याला उत्तर म्हणून दुसरी, जास्त काटेकोर सरकारी मोजणी पुढे यायला हवी होती. ती आली नाही. व्ही. पी. मेनन यांच्या संस्थानांच्या विलीनीकरणावरच्या पुस्तकात मृतांची संख्या आठशेच्या थोडी वर दिली आहे. ती लढाईतली संख्या आहे आणि त्या खेड्यांविषयी काहीच सांगत नाही.

ही झाली पोकळीची गोष्ट. पोकळी भरल्यावर लष्करी सरकारने काय केलं, त्याचा हिशेबही मांडला पाहिजे, आणि तो एकतर्फी काळा नाही.

ऑक्टोबरपासून हळूहळू शांतता बसली. मदत छावण्या निघाल्या, काही कुटुंबं गावी परतवली गेली. पळवलेल्या बायका शोधण्याचं काम सुरू झालं. कासिम रझवीला पकडलं, त्याच्यावर भर चौकात नव्हे तर न्यायाधिकरणासमोर खटला चालला, ही साधी गोष्ट नाही. बिबीनगरच्या दरोड्याच्या खटल्यात त्याला सात वर्षांची सक्तमजुरी झाली. शिक्षेचा काही काळ त्याने पुण्याच्या येरवड्यात काढला, १९५७ मध्ये सुटला आणि पाकिस्तानात निघून गेला. त्याच्या नावाने ज्यांची घरं जळली, दोन्ही बाजूंची, ते सगळे इथेच राहिले.

खास न्यायाधिकरणांची प्रक्रिया नेहमीच्या फौजदारी खटल्यापेक्षा आखूड होती. घटना लागू झाल्यावर हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. रझवीच्या प्रकरणात न्यायालयाने बहुमताने शिक्षा कायम ठेवली. पण वरंगळचे सुभेदार हबीब मोहम्मद यांचं प्रकरण वाचण्यासारखं आहे. एका गावातल्या गोळीबाराबद्दल त्यांना न्यायाधिकरणाने फाशी सुनावली होती. त्या दिवशी तिथे हजर असलेला महत्त्वाचा साक्षीदार सरकारी पक्षाने तपासलाच नाही आणि आरोपीला बचावाची पुरती संधी मिळाली नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. १९५३ सालची गोष्ट. लष्करी राजवटीत उभा राहिलेला खटला, लोकशाही राजवटीतल्या न्यायालयाने तपासला आणि मोडला. लोकांना अटक करताना लष्करी सरकारने हात सैल सोडला होता. हजारो मुस्लिम संशयावर आत गेले, अरब आणि पठाण वंशाच्या माणसांना स्थानबद्ध केलं, काहींना देशाबाहेरही धाडलं. त्यांच्यातले कित्येक हैदराबादेतच जन्मलेले होते.

जमिनीच्या बाबतीत चौधुरींच्या सरकारने जे केलं ते निवडून आलेल्या सरकारला इतक्या लवकर जमलं असतं का, याची मला शंका आहे. फेब्रुवारी १९४९ मध्ये निझामाची खासगी मालमत्ता असलेला 'सर्फे-खास' मुलूख सरकारजमा झाला. १५ ऑगस्ट १९४९ ला जागीरदारी रद्द करण्याचा विनियम निघाला. संस्थानातली दोनपंचमांशाच्या आसपास जमीन या दोन प्रकारांत होती. तिथल्या कुळांना दिवाणी कायद्याचं संरक्षण नसे, वेठ आणि नजराणे चालत. ते गेलं, चांगलं झालं. यात हिंदू जागीरदारही होते, हे विसरू नये. पण जागीरदाराच्या मागे एक मोठा लवाजमा जगत असे. मुनशी, कारकून, शिपाई, खानसामा, पागेवाला, मशिदीचा मुअज्जिन. त्यांना ना जमीन होती, ना नुकसानभरपाई. जागीरदाराला हप्त्यांनी रक्कम मिळाली, शिपायाला काही नाही. पोलिसातून आणि संस्थानी फौजेतून निघालेल्यांची गोष्ट तीच. मराठवाड्यातल्या मुस्लिमांकडे शेती मुळात कमी, नोकरीवरच भिस्त. ती दोन वर्षांत गेली. आज आमच्या गावांत गॅरेज, फळगाडा, मटण आणि रिक्षा हे धंदे इतके का, असं कुणी विचारलं तर उत्तराचा एक मोठा तुकडा तिथे आहे.

योगायोगाची एक तारीख सांगतो. जागीरदारीच्या विनियमाच्या तीन दिवस आधी, १२ ऑगस्ट १९४९ ला, जिनिव्हामध्ये युद्धकाळातल्या नागरिकांच्या संरक्षणाचा चौथा करार झाला. ताब्यातल्या मुलखातल्या माणसांना ओलीस धरू नये, सामूहिक शिक्षा देऊ नये, लूट होऊ देऊ नये. हैदराबादला तो लागू नव्हता, कारण ते 'पोलिस' प्रकरण होतं. तरीही ताब्यात घेतलेल्या प्रदेशातल्या सुव्यवस्थेची जबाबदारी ताबा घेणाऱ्यावर पडते, हा नियम १९०७ च्या हेगच्या करारापासून जगाला माहीत होता. घरातल्या माणसांसाठी तो त्याहून कमी असावा, हे कुठल्या तर्काने?

तेलंगणाची गोष्ट इथे विस्ताराने सांगत नाही. तिथे फौजेचं लक्ष लवकरच कम्युनिस्टांच्या सशस्त्र लढ्याकडे वळलं आणि तो लढा १९५१ पर्यंत चालला. मराठवाड्यात तसं नव्हतं. इथला बदल कचेरीत झाला, शाळेत झाला, भाषेत झाला. तो माझा विषय, म्हणून त्यावर थोडं थांबतो.

निझामी कारभाराची भाषा उर्दू. कलेक्टरला 'अव्वल तालुकदार' म्हणत, राजपत्राला 'जरीदा', वर्ष फसली, नाणं हाली. सात हाली रुपये म्हणजे साधारण सहा कळदार. न्यायालयात उर्दू, आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात वैद्यक आणि अभियांत्रिकीसुद्धा उर्दूतून. भारतीय भाषेतून एवढं उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता. मी उर्दूचा शिक्षक आहे, मला त्याचा अभिमान वाटतो. पण ज्या राज्यात उर्दू मातृभाषा असलेले दहात एक, तिथे परभणीच्या मराठी पोराला चौथीनंतर परक्या भाषेत गणित शिकावं लागे, हाही त्याच प्रयोगाचा भाग होता. मराठी शाळांसाठी तेव्हा भांडणाऱ्यांचं म्हणणं बरोबर होतं. तीच भाषा शिकवतो म्हणून मला ते नाकारता येत नाही.

लष्करी सरकारने प्राथमिक शिक्षण मातृभाषांकडे नेलं. मुंबई आणि मध्य प्रांतातून मराठी जाणणारे अधिकारी आले. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला पहिल्यांदाच कचेरीत आपल्या बोलीत अर्ज करता आला. उस्मानियाचं मात्र वेगळंच झालं. उर्दू गेली, पण तिच्या जागी तेलुगू, मराठी, कन्नड यातली एकही आली नाही. इंग्रजी आली. एका देशी भाषेचं उच्च शिक्षण मोडून दुसऱ्या देशी भाषेला दिलं असतं तर हिशेब समजला असता. इथे तोटा सगळ्यांचाच झाला. उर्दूवाला कारकून एका रात्रीत अडाणी ठरला. चाळिशीतल्या माणसाने मराठीची किंवा इंग्रजीची परीक्षा द्यायची, नाहीतर लवकर निवृत्त व्हायचं. बाहेरून आलेल्या अधिकाऱ्यांबद्दल मराठी आणि तेलुगू माणसांतही नाराजी होती. 'मुल्की' आणि 'गैरमुल्की' हा वाद १९५२ मध्ये रस्त्यावर आला, तो मुस्लिमांपुरता नव्हता.

याच संदर्भात सेतुमाधवराव पगडींची आठवण येते. निलंग्याचा माणूस, निझामाच्या मुलकी सेवेत अधिकारी, मराठी तर होतीच, त्याशिवाय उर्दू आणि फारसीवर हुकूमत. पुढे महाराष्ट्राच्या गॅझेटियरचं काम त्यांनी केलं. अशी दोन्ही लिप्यांत सहज वावरणारी पिढी त्या कारभाराने घडवली होती, त्यात हिंदूही भरपूर होते. ती पिढी निवृत्त झाली आणि तिच्यामागे कुणी तयार झालं नाही.

३१ डिसेंबर १९४९ ला चौधुरींचा अंमल संपला. वेल्लोडी हे आय.सी.एस. अधिकारी मुख्यमंत्री झाले, १९५२ च्या निवडणुकीनंतर बुर्गुल रामकृष्ण राव. १९५६ मध्ये संस्थानाचे तीन तुकडे होऊन मराठवाडा मुंबई राज्यात आला. चौधुरी पुढे दक्षिण विभागाचे प्रमुख असताना डिसेंबर १९६१ मध्ये गोव्याची मोहीम झाली. तिथेही आधी लष्करी गव्हर्नर आले, मेजर जनरल कँडेथ, पण सहा महिन्यांच्या आत त्यांनी कारभार मुलकी हातात दिला. गोव्यात पोकळीतले ते तीन आठवडे नव्हते. मुलूख लहान होता, शेजाऱ्याशेजाऱ्यात तशी साठलेली भीती नव्हती, हे खरं. पण हैदराबादेत काय चुकलं हे त्याच जनरलने जवळून पाहिलेलं होतं, हेही एक कारण असेल असं मला वाटतं.

दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाड्यातल्या शाळांत झेंडा लागतो, आमच्याही शाळेत लागतो. दोन-चार वर्षांपूर्वी नववीतल्या एका मुलीने विचारलं, "सर, आपण उस दिन जीते थे या हारे थे?" मी तिला स्वामी रामानंद तीर्थांबद्दल सांगितलं, शोएबुल्ला खानांबद्दल सांगितलं, जागीरदारी गेल्याचं सांगितलं, लातूरच्या वीस दिवसांबद्दलही सांगितलं. तास संपला. तिचं समाधान झालं नसावं, कारण पुढच्या तासाला तिने आपल्या दादीला विचारून आणलेल्या चार गावांची नावं वहीत लिहून आणली होती.

निझामाच्या काळातले कागद अजून तहसीलच्या दप्तरखान्यांत आहेत. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती कुणबी नोंदी शोधायला बसली तेव्हा ते गठ्ठे पुन्हा उघडले, आणि उर्दू व मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. आमच्यातल्या काही निवृत्त शिक्षकांना बोलावणी आली. गावाकडचे मराठा शेतकरी माझ्याकडेही पणजोबाच्या नोंदीची झेरॉक्स घेऊन येतात. शिकस्ता वळणाची घाईची लिपी असते, फसली साल, महिना 'आजूर' किंवा 'बहमन'. मी भिंग घेऊन बसतो आणि ओळ ओळ मराठीत सांगत जातो, ते लिहून घेतात.